ओळखींचं निर्लेखन

मिटा मिटा पान, ठेवा पानांत खुणा,
दिवा जातो घरी, उद्या भेटू पुन्हा.

वांगरूळच्या लोकसेवा वाचनालयात रोज संध्याकाळी ही हाक उठायची. ते गाणं नव्हतं आणि हुकूमही नव्हता. पाळण्याची दोरी ओढता ओढता बाई घरातल्यांना कामं सांगते, तसं काहीसं होतं ते. आवाज ग्रंथपाल अनसूया मान्यांचा. हाक उठली की पेन्शनर चष्मे मिटायचे, स्पर्धा परीक्षेची पोरं आणखी एक पान चोरायची आणि खिडकीपाशी बसलेली सातवीतली प्रणिता साळवे पुस्तकात चिंचेचं पान घालून ठेवायची.

आज तिला त्या वाचनालयाच्या भिंतींचा रंग आठवत नाही. हाक मात्र जशीच्या तशी आठवते.

पुढं कॉलेजात असताना ती तिथंच देवघेवीच्या टेबलावर मदतीला बसू लागली आणि अनसूयाताईंच्या हाताखाली कामं शिकली. एका मार्चात पुस्तकांची पडताळणी चालू होती. नियम साधा होता. जे पुस्तक वर्षभरात कुणी नेलं नाही, ते निर्लेखनाच्या यादीत जायचं. म्हणजे दाखल नोंदीतून त्याचं नाव काढायचं आणि ते रद्दीच्या ढिगावर टाकायचं. प्रणिताच्या हातात एक पातळ पुस्तक आलं, तालुक्यातल्या जुन्या विहिरींवरचं. मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर दर फेब्रुवारीला एक शिक्का होता आणि सभासद क्रमांक दर वेळी ताईंचाच.

"ताई, हे तुम्ही दरवर्षी वाचता?"

"एकदाच वाचलं. विहिरीत पडल्यागत झालं."

"मग दरवर्षी नेता कशाला?"

"नेतंय कोण? माझ्या नावावर काढते आणि परत फळीवर लावते. शिक्का बसला की वर्षभर त्याला कुणी हात लावत नाही."

"ही खोटी नोंद झाली."

"होय की," ताई म्हणाल्या. "पण खरा वाचक येईपर्यंत कुणीतरी वाचक व्हायला नको?"

ग्रंथपालांमध्ये ही खोड जुनी आहे. कुणी ती कबूल करत नाही आणि कुणी ती मोडतही नाही.

*

सांगड आली तेव्हा प्रणिता पुण्याजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ग्रंथपाल होती.

तोवर राज्यातले ग्रंथपाल एकमेकांना फारसे ओळखत नव्हते. शिक्षकाला शेजारच्या वर्गात दुसरा शिक्षक भेटतो, ग्रंथपालाला शेजारच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन भेटतं. नवी जागा निघाली, प्रशिक्षण आलं, कुठं चर्चासत्र ठरलं, हे कळेपर्यंत अर्जाची तारीख उलटून जायची. म्हणून ग्रंथसेवक मंडळानं हे जाळं बनवून घेतलं. पूर्वी नदी पार करणारे वाळलेल्या भोपळ्यांची सांगड कमरेला बांधत, त्यावरून त्याला नाव दिलं.

सांगडीमागचं तत्त्व समजायला अवघड नाही. माणसाला नवी वाट दाखवतात ती जवळची माणसं नव्हेत. जवळच्यांना बहुधा तेच ठाऊक असतं, जे आपल्याला ठाऊक असतं. नवी बातमी आणतो तो दूरचा, अर्धामुर्धा ओळखीचा माणूस. समाजशास्त्राला हे कित्येक दशकं माहीत होतं. सांगडीनं ते मोजायला घेतलं. सभासदांचे संदेश, त्यांनी एकमेकांना विचारलेले प्रश्न, संमेलनातल्या भेटी, बोलताना आवाजात झालेला चढउतार, हे सारं वाचून ती प्रत्येक ओळखीला एक वजन द्यायची. या माणसाकडून तुमच्यापर्यंत नवं काय वाहत येतं, एवढाच तिचा सवाल.

दुसरी गोष्ट लक्षाची. मेंदू थोड्याच माणसांची ओळख ताजी ठेवू शकतो. नवं माणूस आत आलं की जुनं कुणीतरी कडेला सरकतं. आयुष्यात हे हळूहळू, न कळत घडत असतं. सांगड ते हिशेबानं घडवायची. प्रत्येक सभासदाच्या जाळ्यात जागा ठरलेल्या होत्या. एक जोडायची असेल तर एक सोडायची.

कुणाला सोडायचं, याचा नियम मंडळाच्या समितीनं ठरवला. समितीत सगळे ग्रंथपालच होते. त्यांनी हाताशी होता तोच नियम यंत्राला दिला, निर्लेखनाचा. ठरावीक मुदतीत ज्या ओळखीतून कामाचा एकही प्रश्न आला-गेला नाही, ती ओळख यादीत. 'कशी आहेस', 'दिवाळीच्या शुभेच्छा', असल्या गोष्टी देवघेवीत धरायच्या नाहीत. फळीचा नियम माणसांना लागला आणि त्या सभेत कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. शिंप्यांनी यंत्र केलं असतं तर त्यांनी माणसं गजानं मोजली असती.

निर्लेखन झालेल्या माणसाचं काय होतं? तसं पाहिलं तर काहीच नाही. त्याचे संदेश येत राहतात, फक्त तळाला पडतात. त्याचा वाढदिवस कुणी सुचवत नाही. संमेलनात दोघं समोरासमोर आले तरी कानातलं यंत्र कुणालाच दुसऱ्याचं नाव कुजबुजत नाही. त्या इवल्या यंत्राला सगळे कुडी म्हणत. आठवण न होणं याला कुणी वैर म्हणत नाही. त्यामुळं कुणी तक्रारही केली नाही.

प्रणिताचं तर सांगडीनं भलंच केलं. नागपूरच्या चर्चासत्रात तिचा निबंध वाचला गेला. जुन्या कागदांच्या जतनाचं प्रशिक्षण मिळालं. बारीकसारीक प्रश्नांची उत्तरं सांगड तिच्या वतीनं, तिच्याच भाषेत परस्पर देऊन टाकायची, म्हणून तिचा वेळ वाचला. आणि आता नव्या विभागीय ग्रंथकेंद्राचं प्रमुख ग्रंथपालपद तिच्या आवाक्यात होतं. अखेरच्या यादीत दोनच नावं उरली होती, तिचं आणि मिरजेच्या फिरोज मुजावरचं. निवड कऱ्हाडच्या अधिवेशनात संध्याकाळी जाहीर व्हायची होती. निवड समितीच्या अध्यक्ष डॉ. देवस्थळी. त्या मुलाखत घेत नसत, शेजारी बसवून जेवत.

*

अधिवेशन मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा अजून खांबांवर होत्या. दारात नावाचे बिल्ले आणि पोह्यांच्या बशा एकाच टेबलावरून वाटल्या जात होत्या. लोक एकमेकांसमोर येत, क्षणभर थबकत, कुडी नाव सांगे आणि मग चेहरे उजळत. तो क्षणभराचा थांबा आता सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. देवळात शिरण्याआधी पायरीला हात लावावा, तसा.

"काय मॅडम, माझं नाव कुडीनं सांगितलं की मी सांगू?" मागून फिरोज म्हणाला.

"सांगितलं. वर म्हणाली, पाच मिनिटांत सुटका करून घ्या."

"माझी जरा परखड आहे. ती दोनच मिनिटं म्हणाली." त्यानं पोह्यांवर लिंबू पिळलं. "खरं सांगू का? तुम्हाला जागा मिळाली तर मला वाईट वाटेल. पण मला मिळाली तर बायको मिरज सोडणार नाही. म्हणजे दोन्हीकडून मीच मेलो."

"मग अर्ज कशाला केलात?"

"सांगड म्हणाली."

दोघंही हसले. तेवढ्यात प्रणिताच्या फोनवर एक सूचना उमटली.

'दुपारी डॉ. देवस्थळी यांच्या शेजारची खुर्ची आपल्याला मिळू शकते. त्यासाठी आपल्या जाळ्यात एक जागा रिकामी हवी. अनसूया माने, वांगरूळ. ही ओळख प्रत्येक वेळी मुदत संपता संपता हलते, पण नवं काही वाहून आणत नाही. नियमाने यादीत येत नसल्याने आपली संमती हवी. निर्लेखन करावे?'

ताई. प्रणिताला बरं वाटलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं. किती दिवसांत त्यांच्याशी बोलणं नाही. की किती वर्षांत? खाली ताईंचे प्रश्न दिले होते. सांगडीनंच त्यांची उत्तरं दिली होती. प्रणितानं ते आज पहिल्यांदा पाहिले.

'पुस्तक पाण्यात पडून भिजल्यास काय करावे?'

'पंचांग खगोलात लावावे की धर्मात?'

'कागदातली कसर घालवायला उपाय कोणता?'

निवृत्तीला आल्या तरी ताईंना हे विचारावं लागतं? वयानं होत असेल, असं तिला वाटलं. विसरत असतील. तिला त्यांची कणव आली, आणि ज्याची कणव येते त्याच्यापासून थोडं लांब सरकता येतं. फिरोज तिला चहाकडं बोलावत होता. हातात बशी होती. तिनं अंगठ्यानं 'होय' दाबलं.

पाण्यात एक खडा पडावा, एवढाही आवाज झाला नाही.

*

जेवणाची टेबलं सांगडीनंच लावली होती. कोण कुणाशेजारी बसलं तर कुणाचा किती फायदा, याचं गणित मांडून. प्रणिताच्या नावाची पाटी डॉ. देवस्थळींच्या उजव्या हाताला होती.

देवस्थळी बारीक चणीच्या, खादाड आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "साळवे, तुम्ही कष्टाळू, नम्र वगैरे आहात हे अर्जात वाचलं. मुजावरही आहेत. आता एखादी खरी गोष्ट सांगा. आमटी गार व्हायच्या आत."

'किस्सा सांगा,' कुडी कुजबुजली. 'लहान गावाचा. थोडा विनोदी.'

प्रणितानं सांगितला. वांगरूळचं वाचनालय, मार्चची पडताळणी, विहिरींचं पातळ पुस्तक. 'विहिरीत पडल्यागत झालं' या वाक्यावर सगळं टेबल हसलं. देवस्थळींनी पुरीचा घास तसाच हातात धरला.

"म्हणजे खोट्या नोंदी!" त्या खूश होऊन म्हणाल्या. "मीही केल्यात. कुणाला सांगू नका. पण त्या बाई अचूक हं. दर फेब्रुवारीत?"

"हो. अगदी नेमानं. मुदत संपता संपता..."

प्रणिता थांबली.

हेच शब्द तिनं सकाळी वाचले होते. मुदत संपता संपता हलते.

भिजलेलं पुस्तक. सातवीत असताना ओढ्याच्या साकवावरून तिच्याच हातून ते पाण्यात पडलं होतं. ती रडत वाचनालयात गेली होती. ताईंनी पंख्याखाली सतरंजी घातली आणि पानापानांत कोरा कागद सरकवायला शिकवलं. "उन्हात घालू नको. सावलीत, धीरानं. माणसाचं दुखणं काढतात तसं." पंचांगाचं तर पहिल्याच महिन्यात विचारलं होतं तिनं, खगोलात लावू की धर्मात? ताई म्हणाल्या होत्या, "लग्न काढायला आलेल्या बापाला जिथं चटकन सापडेल तिथं लाव." कसरीवर कडुलिंबाचा पाला, तोही सावलीत वाळवलेला.

ती तिन्ही उत्तरं तिला ताईंनीच दिली होती.

"साळवे?" देवस्थळींनी विचारलं. "पुढं काय झालं त्या पुस्तकाचं? मिळाला का वाचक?"

"ते मला ठाऊक नाही, मॅडम." प्रणितानं खुर्ची मागं सारली. "विचारून येते. त्या यंदा निवृत्त होताहेत, इथंच असतील."

"आत्ता? श्रीखंड यायचंय अजून. आणि माझा एक प्रश्नही."

'ही खुर्ची सोडल्यास ती पुढील उमेदवारास दिली जाईल,' कुडी म्हणाली. 'निवडीची आपली शक्यता निम्म्याहून खाली येईल.' तिच्या आवाजात धमकी नव्हती. पाऊस येईल, छत्री घ्या, असं सांगावं तितकंच.

प्रणितानं कुडी काढली आणि ताटातल्या मिठाशेजारी ठेवली.

"आत्ताच जायला हवं," ती म्हणाली.

पलीकडच्या टेबलावर फिरोजच्या कुडीनं त्याला निरोप दिला असणार. तो ताट घेऊन आला आणि खुर्चीपाशी घुटमळला. "मॅडम, नक्की ना? नंतर माझ्या नावानं बोटं मोडाल."

"बसा हो. श्रीखंड सोडू नका."

*

यंदा निवृत्त होणाऱ्यांचं टेबल अगदी टोकाला, हात धुवायच्या बेसिनजवळ होतं. सांगडीच्या गणितात त्यांच्याकडून पुढं काही वाहत येणार नव्हतं. जेवणं उरकून बाकीचे उठले होते. अनसूयाताई एकट्याच बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, पाठ तशीच ताठ. ताटाबाहेर सांडलेली शितं बोटानं एकेक टिपून कडेला लावत होत्या. फळीवरची पुस्तकं सारखी करावीत, तसं.

"ताई."

त्यांनी वर पाहिलं आणि क्षणभर थांबल्या, सगळे थांबत तशा. मग कानातल्या कुडीवर बोट आपटलं. काही आलं नसावं.

"प्रणी," त्या कुडीवाचूनच म्हणाल्या. "जेवलीस?"

"अर्धी."

"मग उरलेली अर्धी इथं जेव. बस." त्यांनी आपल्या ताटातली न मोडलेली पुरी तिच्यापुढं सरकवली. "वाळलीस गं. पुण्यात चुली पेटत नाहीत वाटतं? बरं झालं भेटलीस, एक विचारायचंच होतं. जुने नकाशे गुंडाळून ठेवावेत का सपाट?"

"सपाट. गुंडाळले की चिरतात."

"असं होय? लक्षातच राहत नाही बघ."

"ताई, वाचनालयातले नकाशे आपण दोघींनी सतरंजीखाली झोपवले होते. वर तुम्ही अंगाई म्हणालात. मी हसून हसून पडले होते."

ताईंनी आणखी एक शीत टिपलं. बेसिनचा नळ ठिबकत होता.

"ते विहिरींचं पुस्तक आहे अजून?" प्रणितानं विचारलं.

"आहे की."

"कुणी नेलं?"

"अजून नाही."

"आणि शिक्का?"

"फेब्रुवारीत बसला." ताई किंचित हसल्या. "आता पुढच्या वर्षी कोण मारणार, ते बघायला पाहिजे."

प्रणितानं पुरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "सकाळी सांगडीनं मला तुमच्याबद्दल विचारलं. मी होय म्हणाले."

"कळलं. आता तू समोर आलीस तर कानात नाव आलं नाही. म्हटलं, झालं."

"तुमचे प्रश्न मी कधी पाहिलेच नव्हते. एकाचंही उत्तर मी दिलेलं नाही. सगळी यंत्रानं दिली, माझ्या नावानं."

"ते तर मला पहिल्याच उत्तराला कळलं."

"कसं?"

"पंचांगाचं विचारलं आणि तू हसली नाहीस. 'कालगणनेच्या विभागात लावावे, आपली नम्र.' म्हटलं, ही नम्र कोण बया?"

प्रणिताला हसू आलं. "मग पुन्हा पुन्हा का विचारत राहिलात?"

"सवय."

"ताई."

"अगं, म्हाताऱ्या माणसाला काय, वेळ जात नाही."

"तुम्हाला वेळ जात नाही? तुम्हाला?"

मंडपाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी ध्वनिक्षेपकावर टिचक्या मारत होतं. पुढचं सत्र सुरू व्हायचं होतं. देवस्थळींच्या टेबलावरून फिरोजचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं, पाठोपाठ सगळ्यांचंच. प्रणितानं मान वळवली नाही.

ताईंनी आजूबाजूला पाहिलं. मग कानातली कुडी काढली, पदराच्या टोकात घेतली आणि वर गाठ मारली, एक आणि मग दुसरी. गाठ कानाशी नेऊन आतून काही ऐकू येतंय का ते पाहिलं. पदर कमरेला खोचला. तेवढं झाल्यावर त्या पुढं वाकल्या. आवाज त्यांनी खाली आणला, तरी बंद होण्याच्या वेळच्या त्या हाकेचा सूर त्यात होताच.

"त्या यंत्राला नुसतं 'कशी आहेस' चालत नव्हतं गं, प्रश्न लागायचा. आणि त्याच्या कानावर जाईल म्हणून कुणाला बोलायची सोय नव्हती. सगळी उत्तरं येत होती मला, प्रणी. मुदत भरत आली की मी तुला माझ्या नावावर काढत होते."